पट्ट्यावरून महाद्वारापर्यंत

आधी माझ्या मूर्खपणाचं सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला फार शहाणी समजणार नाही. तीन वर्षांपूर्वीच्या नवरात्रातली तिसरी माळ. सकाळी सातच्या सुमारास दूध आणायला निघाले आणि डाव्या पायातली चप्पल सुटून मागे राहिली. परत जाऊन घातली. चार पावलांवर पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी राहून चक्क नमस्कार केला. आमच्याकडे नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायची पद्धत. लग्न झाल्यापासून मी ते कधी चुकवलं नव्हतं. त्या वर्षी मात्र रक्तातली साखर वाढलेली, डॉक्टरांनी अनवाणी चालायला साफ मनाई केलेली, आणि घटस्थापनेच्या सकाळी माझ्या सुनेनं, सुजातानं, स्वतः चपला आणून माझ्या पायांपुढे ठेवलेल्या. मनातून ते बोचत होतंच. त्यामुळे मला वाटलं, अंबाबाईनंच चप्पल काढून घेतली. दोन्ही चपला उजव्या काखेत मारून मी अनवाणी घरी आले, आणि देवीनं आपल्याला खूण दिली म्हणून मनातल्या मनात शेजारणींवर भाव खात कॉटवर आडवी झाले.

थोड्या वेळानं डाव्या हातातून कप पडला. म्हटलं, उपवासाचा थकवा. मग बोलताना शब्द घसरायला लागले. तेव्हा तर मी मौनच धरलं. देवीनं एवढं जवळ केल्यावर उगाच बडबड कशाला? उभ्या जन्मात मला कुणी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. सुजाताला तेवढ्यावरूनच संशय यायला हवा होता, पण त्या बिचारीला वाटलं, मी चपलांवरून रुसलेय. ती कामावर गेली. दुपारी तीनला परत आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, हसा बघू." मी हसले. अर्धंच हसले. तोंडाचा अर्धा भाग जागचा हलला नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं. "सकाळीच आणलं असतं तर..." एवढं बोलून ते थांबले. ते वाक्य मी पुढे कितीतरी महिने स्वतःच पुरं करत राहिले. देवीनं खूण दिली होती, हे मी आजही मानते. फक्त ती वाचणारी बाई अडाणी निघाली. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांचे पेपर तपासले, आणि माझ्या एवढ्याशा पेपरात मी भोपळा घेऊन बसले.

माझी चाल कशी होती ते सांगायला हवं. मी चालायची नाही, सुटायची. शाळेत कवायतीचा तास माझ्याकडे असायचा. 'डावा, उजवा' असं ओरडून मी पोरांच्या पिढ्या पायावर उभ्या केल्या आणि त्याचा मला कोण गर्व! दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं मंगळवार पेठेतल्या घरातून अंबाबाईला चालत जायचो. 'दोघं' म्हणायचं आपलं. मी मिरजकर तिकटीच्या नाक्यावर पोचायची तेव्हा आमचे हे अजून गल्लीतच असायचे. हे साखर कारखान्यात कारकून होते, आणि चाल अशी, की वाटावं प्रत्येक पाऊल कुणाची तरी परवानगी घेऊन टाकतायत. त्यांची कोल्हापुरी चप्पल मागे कर्र कर्र वाजत यायची. मी वळून म्हणायची, "चला की, का पालखी आणू?" ते नुसते हसायचे. मी महाद्वारातून आत घुसायची, दर्शन घ्यायची, प्रदक्षिणा उरकायची आणि पायरीवर बसून शर्यत जिंकल्यासारखी ऐटीत यांची वाट बघायची. मग हे यायचे, हातात महाद्वाराच्या तोंडाशी बसणाऱ्या फुलवाल्या हौसाक्काकडची एक वेणी देवीला आणि एक मला. "फुलं घ्यायला एवढा वेळ?" हे माझं ठरलेलं वाक्य. तेव्हाच्या त्या माझ्यातल्या बाईला बघावंसं वाटतं आज मला. कुठं एवढी घाई होती गं तुला? कुणी घड्याळ लावून बसलं होतं?

हे जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यानंतर शुक्रवारी मी एकटीच जायची, त्याच वेगानं. फक्त मागे वळून काही म्हणायला कुणी नव्हतं. आणि आजारपणानंतर तर तेही गेलं. डावा पाय कॉटवर दुसऱ्या कुणाचा तरी ठेवल्यासारखा पडून असायचा. संध्याकाळ झाली, शुक्रवार असला, की माझा जीव उंबऱ्याबाहेर जायचा आणि शरीर आत राहायचं. बोलता यायला लागलं तेव्हा पहिली मागणी केली ती हीच, की मला अंबाबाईला जायचंय. गोव्याला नोकरीला असलेला माझा मुलगा पुढच्याच खेपेला चाकांची खुर्ची घेऊन आला. चांगली, दुमडणारी. "आई, चल, आज शुक्रवारच आहे." मी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याला कसं सांगावं, की मला नुसतं देवीपुढे पोचायचं नव्हतं. मला तो रस्ता हवा होता. ज्या रस्त्यावर हे तीस-पस्तीस वर्षं माझ्या मागून आले, तो माझ्या पायांखालून जायला हवा होता. खुर्ची दाराआड उभी राहिली आणि मी तिच्यावर वाळत टाकायचे टॉवेल घालायला सांगितले.

संक्रांत झाल्यावर सुजाता मला व्यायामाच्या केंद्रात घेऊन गेली. तिथं ट्रेडमिल होती. मी तिला पट्टाच म्हणायची. वरती लोखंडी कमान, तिला टांगलेली कापडी झोळी, ती कमरेला आणि मांड्यांना आवळायची, म्हणजे पडायची भीती नाही आणि अंगाचं थोडं वजन ती उचलते. पहिल्या दिवशी मला त्यात अडकवलं तेव्हा मी गुळाची ढेप काट्याला लटकवावी तशी दिसत असणार. व्यायाम शिकवणारी आस्मा, माझ्या नातीच्या वयाची, पट्ट्याशेजारी बुटक्या स्टुलावर बसायची आणि दोन्ही हातांनी माझा डावा पाय धरून पुढे ठेवायची. पावलोपावली. मला इतका संकोच वाटायचा! जन्मभर देवीच्या पायांना हात लागावा म्हणून मी रांगा लावल्या, आणि इथं ही पोरगी माझाच पाय धरून बसलेली. पुढे रमजान आला, तिचा कडक रोजा, घशाला कोरड, तरी तिचे हात सुटायचे नाहीत. मी म्हणायची, "आस्मा, जा बाई, बस जरा." ती म्हणायची, "आज्जी, तुम्ही गप चाला. बोलायला लागला की पाय वाकडा पडतोय तुमचा."

ती दोन गोष्टी सारख्या सांगायची. एक, खाली बघायचं नाही. आणि दुसरी, "पाय ओढू नका आज्जी. पट्टा मागं नेतोय तर जाऊ द्या की मागं. पुरता मागं गेला की आपसूक पुढं येतोय." दोन्ही मला जमत नव्हत्या. समोर भिंतभर आरसा होता, त्यात माझं अर्धं ओघळलेलं तोंड दिसायचं. ते बघण्यापेक्षा मी पायाकडे बघायची. आणि पाय मागे जायला लागला की जीव घाबरा व्हायचा. वाटायचं, हा आता गेला, परत यायचा नाही. मी दात-ओठ खाऊन तो अर्ध्यातून ओढायची, मग बोटं पट्ट्यावर घासायची, आणि आस्मा बटण दाबून थांबवायची.

पहिले काही दिवस मला त्या पट्ट्याचा राग यायचा. एवढा घाम गाळायचा आणि उतरायचं तिथंच, जिथं चढलो होतो. मग मी एक खेळ काढला. सुजाताच्या मोबाईलवर घर ते महाद्वार अंतर बघून घेतलं; साधारण साडेसातशे मीटर. पट्ट्यावरचे आकडे मी त्या रस्त्यावर मांडायला लागले. पहिल्या दिवशी वीस मीटर, म्हणजे आमची गल्लीसुद्धा संपली नाही. पंधरा दिवसांनी पिठाची गिरणी आली. महिन्याभरानं तिकटी. पट्टा सुरू झाला की मी मनात घराला कुलूप लावायची आणि निघायची. डाव्या हाताला कुणाचं दार, कुठल्या वळणावर मिरची कांडपाचा ठसका, सगळं नीट बघत जायची. गंमत म्हणजे यातलं निम्मं मी कधी बघितलंच नव्हतं, त्या वेगात दिसणार काय? एकदा आस्माला विचारलं, "किती वेगानं चाललोय गं?" ती म्हणाली, "लई हळू, आज्जी. पण चांगलंय." मला एकदम हसू आलं आणि मागोमाग डोळ्यांत पाणी. ही चाल माझ्या ओळखीची होती. ही यांची चाल. पस्तीस वर्षं मी हिची टिंगल केली, आणि आता कुठं मी त्यांच्या जोडीनं चालत होते. फक्त शेजारी ते नव्हते. मी कान देऊन ऐकायची. यंत्राची घरघर, आणि त्याच्या आत कुठं ती कर्र कर्र येते का.

मनातल्या त्या रस्त्यावर बिनखांबी गणपतीच्या देवळापाशी माझी गाडी अडली. महाद्वार तिथून हाकेच्या अंतरावर. पण चैत्र उजाडला तरी माझा पट्टा तिथंच थांबायचा. आस्माचे हात असले तर पाय पडायचा, हात काढले की बोटं घासायची. आज घासला, उद्या घासला. एका शुक्रवारी सलग सहा वेळा थांबवावं लागलं. मी तिला म्हटलं, "पुरे आता. उद्यापासून यायची न्हाई मी." ती एवढंच म्हणाली, "आजचं तेवढं पुरं करा." मनात मी त्या गणपतीच्या कट्ट्यावर बसले होते. समोर महाद्वाराचा रस्ता, शुक्रवारची गर्दी, आणि मी देवीला सांगत होते, की बाई, माझा हट्ट संपला. खुर्चीवरचे टॉवेल काढायला सांगते. तुला जसं आणायचं असेल तसं आण.

इकडे केंद्रात, भिंतीजवळच्या बाकावर एक अनोळखी पावणं बसले होते. ते कधी आले मला कळलं नाही. पिकलेल्या मिशा, डोक्याला फेटा, मांडीवर जेवणाचा स्टीलचा डबा. मी सातव्यांदा सुरुवात केली तशी ते तिथूनच म्हणाले, "ताईसाब, कुनाच्या पायाकडं बगताय एवढं?"

"माझ्याच. ऐकत न्हाई त्यो."

"कसा ऐकंल? तुमी नुसतं डोळं वटारल्यात त्येच्यावर. आमी जोतिबाला सासनकाठी नेतो, घराएवढी उंच काठी. ती उचलल्याला गडी पायाकडं बगत न्हाई. शेंड्याकडं बगतो. पाय काय, हलगीच्या ठेक्यामागनं येत्यात."

शाळेत पोरांवर डोळे वटारण्यात माझा हात कुणी धरला नव्हता, त्यामुळे ते वर्मी लागलं. मी काही उत्तर देणार तोवर त्यांनी कुणाला न विचारता बोटातल्या अंगठीनं डब्यावर ठेका धरला. संथ, ठाम, एक जोराचा, दोन हलके. आस्मा त्यांना थांबवायला उठत होती, ती पुन्हा बसली. मी मान वर केली. आरशाच्या वर भिंतीचा पांढरा तुकडा होता, तिथं नजर लावली, म्हटलं हाच शेंडा. पाय मागे निघाला. नेहमीची भीती आली. पण मी खरंच थकले होते, ओढायची ताकद उरली नव्हती, म्हणून जाऊ दिला. तो मागे गेला, आणखी मागे, मला वाटलं संपला, आणि डब्यावरच्या पुढच्या ठोक्याला तो आपला आपण उचलून पुढे आला, टाच आधी टेकून. मग पुन्हा. मग पुन्हा. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. दोन ठोक्यांच्या मधली जी रिकामी जागा होती, तिथं मला सारखं वाटत होतं, की मागून कुणीतरी येतंय, सावकाश येतंय, आणि त्याची मला अजिबात घाई नाही. मग खालून आवाज आला, "आज्जी, माझे हात बघा." आस्मानं दोन्ही हात रिकामे वर धरले होते. "कवाच सोडलाय तुम्हाला."

पट्टा थांबवून झोळी सोडेपर्यंत पावणं उठले होते. चौकशी केली तेव्हा कळलं, ते गगनबावड्याच्या बाजूचे, वरच्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीबिंदू दाखवायला आले होते. चुकून एक मजला खाली उतरले आणि दमले म्हणून बसले. दारातून "चांगभलं" म्हणाले आणि गेले. नाव मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सुजातानं वर जाऊन विचारलं तर तिथं गर्दी होती, कुणाला काही आठवत नव्हतं. ते कोण होते, यावर आमच्या गल्लीत बरीच चर्चा झाली. एकीनं त्यांना जोतिबाच करून टाकलं. मी त्यात पडत नाही. चपलेच्या खुणेचा अर्थ लावायला गेले आणि अर्धं अंग घालवून बसले. खुणा वाचायचं काम मी आता सोडलंय. एक मोतीबिंदूचा माणूस मजला चुकला आणि माझा पाय पुढे आला, एवढंच मला माहीत आहे, आणि तेवढ्यासाठी रोज सकाळी मी त्या अनोळखी फेट्याला आणि आस्माच्या रिकाम्या हातांना नमस्कार करते. एक मात्र उमगलं. जे मागे जातंय ते जाऊ देणं मला कधी जमलंच नव्हतं. पाय नाही, माणूस नाही, गेलेला काळ नाही. मुठी आवळून धरायची, म्हणूनच ते पुढे यायला मोकळं नव्हतं.

आस्मानं नंतर तोच ठेका डब्यावर वाजवून मोबाईलमध्ये भरून घेतला. दीड महिन्यानं झोळी सुटली, मग हातानं धरायचा कठडा सुटला, आणि वैशाखातल्या एका शुक्रवारी मी उजव्या हातात काठी घेऊन घरातून निघाले. सुजाता मागून चालत होती. तिला मी सांगितलं होतं, हात लावायचा नाही. पट्ट्यावर पाठ झालेला सगळा रस्ता खराखुरा आला. गिरणी, तिकटी, गणपती. एरवी दहा मिनिटांचा रस्ता, मला पाऊण तास लागला. दर्शन झालं, उंबऱ्यावर डोकं टेकलं, ते सगळं यथासांग झालं. ते आतलं माझं आणि देवीचं आहे, ते मी लिहीत नाही. मला लिहायचंय ते त्याच्या थोडं आधीचं. महाद्वार वीस पावलांवर राहिलं आणि माझा डावा पाय थरथरायला लागला. आतून आरतीची घंटा ऐकू आली. माझ्यातली ती जुनी बाई जागी झाली, की उशीर झाला, आरती चुकली, इतक्या दिवसांनी आले आणि वेळेत पोचले नाही. मी पुढे झेप घेणार तोच काठी डगमगली. सुजातानं मला धरलं आणि हौसाक्काच्या फुलांच्या पाटीशेजारी, तिच्याच स्टुलावर बसवलं. मी लहान पोरासारखी रडायला लागले. हौसाक्का आता पार वाकलीय, पण तिनं मला ओळखलं. माझ्या वाकड्या तोंडाकडे, काठीकडे बघितलं, गजऱ्याचा दोरा दातानं तोडला आणि म्हणाली:

"वैनी, रडताय कशापायी? मालक दर शुक्करवारी हितंच टेकायचं. येणी घ्यायचं आन् तुमी फुडं धावत गेल्याली बगून हसायचं. मी म्हनायची, मालक, जावा की बिगीबिगी, वैनी वरडतील. तर म्हनायचं, 'वरडू दे गं हौसाक्का. आई काय देवळातनं उठून चाललीया व्हय? आमी पोचस्तवर बसती की.' तवा बसा तुमीबी घटकाभर. ती हाय बसल्याली."